दक्षिणा, बक्षीस आणि हिंगोलीचा वाचक

मराठीतील लेखनस्पर्धांचा इतिहास लिहायचा तर त्याची सुरुवात एखाद्या मासिकाच्या कथास्पर्धेपासून करता येत नाही. ती पुण्याच्या रमण्यापासून करावी लागते. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावात सुरू केली आणि पुढे ती पेशव्यांनी पुण्यात चालवली. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने ही प्रथा एकदम मोडली नाही. वर्षाकाठी पन्नास हजार रुपयांची मर्यादा घालून त्याने ती चालू ठेवली, आणि तिच्यातल्याच पैशातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. काळाच्या ओघात नव्या उमेदवारांना दक्षिणा देणे थांबले. जुने दक्षिणापात्र शास्त्री जसजसे दिवंगत होत गेले, तसतशी या निधीत रक्कम शिल्लक पडू लागली. ही शिल्लक कोणाची, हा प्रश्न १८४९मध्ये पुण्यात उभा राहिला.

त्या वर्षी सुधारणावादी तरुणांनी सरकारकडे अर्ज केला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे त्यामागचे एक प्रमुख नाव. दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, अशी मागणी त्यात होती. आज ती अगदी साधी वाटते. त्या काळी मात्र तिने शहर हादरले. धर्मकार्यासाठी ठेवलेले द्रव्य प्राकृत लेखनावर खर्च करायचे, आणि तेही कोणत्याही जातीच्या लेखकाला मिळू शकेल अशा रीतीने, हे सनातनी मंडळींना मान्य होणे शक्यच नव्हते. अर्ज करणाऱ्यांना धमक्या आल्या. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या फुले-चरित्रात अशी नोंद आहे की, या तरुणांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले महार-मांग समाजातील माणसांचा जमाव घेऊन उभे राहिले. अखेर सरकारने मागणी मान्य केली आणि १८५१पासून ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’चे काम सुरू झाले. मराठीत लिहिलेला मजकूर समितीपुढे ठेवायचा, समितीने तो पारखायचा आणि पसंत पडल्यास सरकारी निधीतून बक्षीस द्यायचे, ही पद्धत येथून रुळली. आज ‘स्पर्धा’, ‘पुरस्कार’, ‘अनुदान’ या नावांनी आपण जे ओळखतो, त्याचे बीज या कमिटीत आहे.

या कमिटीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मराठी गद्याला त्या वेळी बाजार नव्हता. छपाई महाग होती, शाळा थोड्या होत्या, आणि पुस्तक विकत घेऊन वाचणारा वर्ग नुकता कोठे आकाराला येत होता. अशा वेळी लेखनाला मोबदला आहे, ही जाणीवच मोठी होती. परंतु बक्षिसाबरोबर बक्षीस देणाराही येतो, आणि काय लिहावे, कोणत्या भाषेत लिहावे, कोणासाठी लिहावे याचा निवाडा तो लेखनाआधीच करून ठेवतो. दक्षिणेच्या बाबतीत हा निवाडा कसा चालला, हे समजायला एकच उदाहरण पुरेसे आहे, आणि ते बक्षीस मिळालेल्या ग्रंथाचे नाही.

१८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. एक जोशी गर्भवती कुणबिणीला व तिच्या नवऱ्याला ग्रहदशेची भीती घालून कसा लुबाडतो, आणि शेवटी ते जोडपे शिक्षणाकडे कसे वळते, एवढेच त्याचे कथानक. संवाद रोजच्या बोलीचे आहेत, आणि विदूषक मध्ये मध्ये येऊन प्रेक्षकाशी बोलतो. कमिटीने नाटक नाकारले. पुढे १८७३च्या ‘गुलामगिरी’त फुल्यांनी याची हकीकत दिली आहे. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यानंतर त्यांनी ते नाटक बाजूला ठेवले, आणि काही वर्षांनी ब्राह्मणांच्या कसबाविषयी दुसरे छोटे पुस्तक पदरच्या पैशाने छापले. नाटकाचे हस्तलिखित मात्र तसेच पडून राहिले. ते पहिल्यांदा छापले गेले १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’मध्ये. म्हणजे लेखन आणि वाचक यांच्यामध्ये १२४ वर्षे गेली.

या १२४ वर्षांचा अर्थ साहित्याच्या विद्यार्थ्याने नीट लक्षात घ्यावा. १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले होते, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८०मध्ये यायचे होते. मधल्या काळात कुणब्याच्या घरातला समकालीन प्रसंग घेऊन, त्याच्याच भाषेत, गद्यात लिहिलेले सामाजिक नाटक मराठीत तयार होते. पण ते कोणी वाचले नाही, कोणी पाहिले नाही, आणि म्हणून कोणावर त्याचा परिणामही झाला नाही. पुढची मराठी रंगभूमी ज्या वाटेने गेली, ती वाट ठरवताना हा एक पर्याय समोर नव्हताच. नाकारलेल्या संहितेचे नुकसान केवळ तिच्या लेखकाचे होत नाही. तिच्यानंतर येणाऱ्या लेखकांचेही ते होते. जो मनुष्य अर्जदारांच्या बाजूने रस्त्यावर उभा राहिला, त्याच्याच नाटकाला त्या अर्जातून निघालेल्या कमिटीत जागा मिळाली नाही, ही गोष्ट केवळ दैवाचा खेळ म्हणून सोडून देता येत नाही. अर्जाने ग्रंथाची भाषा बदलली होती, परीक्षक बदलले नव्हते. फुल्यांना अभिप्रेत असलेला वाचक अजून शाळेच्या दारात यायचा होता. तो वाचक कमिटीत बसणे शक्य नव्हते, आणि त्याच्या वतीने वाचणारेही तेथे पुरेसे नव्हते.

पुण्यातला हा प्रकार एकटा नाही. १८९५च्या मे महिन्यात जॉन फ्रायर या इंग्रज भाषांतरकाराने शांघायमध्ये कादंबरीची स्पर्धा जाहीर केली. अफू, स्त्रियांचे पाय बांधण्याची चाल आणि सरकारी परीक्षेतील साचेबंद निबंध या तीन दोषांवर कादंबरी लिहावी, अशी अट होती. १६२ संहिता आल्या. लिहिणाऱ्यांत मिशनच्या शाळांतील शिक्षक आणि विद्यार्थी बरेच होते. बक्षिसे वाटली गेली, पण कादंबऱ्या छापल्या गेल्या नाहीत. फ्रायर १८९६मध्ये कॅलिफोर्नियाला प्राध्यापक म्हणून गेला, त्याच्याबरोबर ती बाडेही गेली, आणि २००६मध्ये बर्कलीच्या ग्रंथालयात ती पुन्हा हाती लागली. त्यांतल्या १५० संहिता २०११मध्ये चौदा खंडांत छापून निघाल्या. चिनी कादंबरीच्या इतिहासकारांना आता विसाव्या शतकाच्या आरंभाकडे नव्याने पाहावे लागते आहे. एवढ्या माणसांनी लिहिले, मोजक्या माणसांनी वाचले, आणि मग शतकभर कोणीच वाचले नाही. या स्पर्धेने लेखक जमवले, वाचक जमवायचे राहून गेले.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडचेच आहे. २० ऑगस्ट १८६८ रोजी वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर विल्यम म्यूर यांच्या सरकारने देशी भाषांतील उपयुक्त ग्रंथांसाठी बक्षिसांची अधिसूचना काढली. स्त्रियांनी वाचण्याजोग्या पुस्तकांचे विशेष स्वागत होईल, असे त्यात सुचवले होते. सरकारी नोकरीत असलेल्या नझीर अहमद यांनी आपल्या मुलींसाठी ‘मिरातुल उरूस’ ही गोष्ट लिहिली होती. १८६९मध्ये तिला एक हजार रुपयांचे बक्षीस मिळाले. पण आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची बाब ही की, सरकारने त्या पुस्तकाच्या दोन हजार प्रती विकत घेतल्या. प्रती शाळांत गेल्या, घरांत गेल्या, आणि अकबरी व असगरी या दोन बहिणी उर्दू वाचणाऱ्या कुटुंबांच्या ओळखीच्या झाल्या. पुस्तकातील उपदेश आज कोणाला जुनाट वाटेल. म्यूर यांच्या सरकारलाही नीतीचेच पुस्तक हवे होते, यात शंका नाही. तरीही उर्दू कादंबरीच्या इतिहासाची सुरुवात बहुधा या पुस्तकापासून केली जाते, याचे एक कारण त्या दोन हजार प्रतींत आहे. एक हजार रुपये लेखकाकडे गेले. प्रतींवर झालेला खर्च वाचकापर्यंत पोहोचला.

हेच नझीर अहमद १८७७मध्ये सालारजंगांच्या बोलावण्यावरून निजामाच्या नोकरीत हैदराबादला गेले. येथे आपण हिंगोलीच्या जवळ येतो, कारण आजचा हिंगोली जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्याचा भाग होता. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. या फौजेचे अधिकारी इंग्रज होते, आणि १९०३पर्यंत ती छावणी नांदती होती. पण छावणी इंग्रजांच्या हाती असली तरी शाळा निजामाच्या होत्या. पुण्याची दक्षिणा कमिटी, मुंबई इलाख्याचे शिक्षणखाते, त्या खात्याची क्रमिक पुस्तके आणि बक्षिसे यांपैकी काहीही या मुलखाच्या वाट्याला आले नाही. १८८४च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली. १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यमही उर्दू होते. उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग भारतीय भाषांच्या इतिहासात महत्त्वाचा आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव येथील मराठी मुलाला आपली भाषा शाळेच्या वरच्या वर्गांत भेटत नव्हती, हेही तितकेच खरे आहे. ज्या काळात पुण्या-मुंबईत मराठी लेखक बक्षिसासाठी लिहीत होता, त्या काळात येथे मराठी वाचणे हीच एक चळवळ होती.

म्हणून मराठवाड्याच्या वाङ्मयेतिहासात स्पर्धेच्या आधी वाचनालय येते. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे. सभा-संमेलनांवर सरकारची करडी नजर असताना वाचनालय ही एकत्र बसण्याची, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवण्याची आणि पुण्या-मुंबईच्या मासिकांचे जुने अंक हातोहात फिरवण्याची जागा होती. १९४३मध्ये मराठवाडा साहित्य परिषद स्थापन झाली. १९४८च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, त्यानंतर १९५३पासून परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ हे नियतकालिक निघू लागले. विलीनीकरणानंतरच्या हैदराबाद राज्याने १९५५मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तर महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७चा आहे. म्हणजे सार्वजनिक वाचनाला कायद्याचा आधार मराठवाड्याला पुणे-मुंबईच्या बारा वर्षे आधी मिळाला. मागासलेपणाच्या नेहमीच्या वर्णनात ही नोंद सहसा येत नाही. ती यायला हवी.

या वाचनपरंपरेतून जो सर्वांत मोठा लेखक उभा राहिला, तो याच जिल्ह्यातला. नरहर कुरुंदकर यांचा जन्म १५ जुलै १९३२चा, आणि त्यांचे गाव वसमत तालुक्यातील कुरुंदा. हैदराबादला शिकत असताना त्यांनी क्रमिक पुस्तकांपेक्षा ग्रंथालयातील पुस्तकेच अधिक वाचली आणि इंटरच्या परीक्षेत ते पुन्हा पुन्हा नापास झाले, ही हकीकत त्यांच्या वाचकांना माहीत आहे. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ते प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. रिचर्ड्सच्या कलामीमांसेपासून मनुस्मृतीपर्यंत आणि मराठी कादंबरीवरील ‘धार आणि काठ’पर्यंत त्यांनी जे लिहिले, त्याची दखल अवघ्या महाराष्ट्राने घेतली. परीक्षा ही शेवटी एक स्पर्धाच असते. तिने ज्याला नापास ठरवले, त्याला वाचनालयाने घडवले. यावरून परीक्षा निरुपयोगी ठरते, असे आम्हाला म्हणायचे नाही. जो मुलगा नापास झाला, त्याला पुस्तकापर्यंत जाण्याची दुसरी वाट खुली होती, इतकेच म्हणायचे आहे. ती वाट नसती, तर कुरुंद्याच्या या मुलाचे नाव आज आपल्याला ठाऊक असते का?

कुरुंदकरांचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्यांना कोणी ‘स्थानिक लेखक’ म्हणत नाही. हा शब्द आपण सैलपणे वापरतो. पुण्यात राहून पुण्यावर लिहिणाऱ्याला तो लागत नाही, आणि सेनगावात राहून सेनगावावर लिहिणाऱ्याला मात्र लगेच लागतो. लेखक स्थानिक आहे की नाही हे त्याच्या लेखनापेक्षा त्याच्या वाचकाच्या अंतरावर ठरते, असे दिसते. परंपरेने ज्यांचे जन्मस्थान याच जिल्ह्यातले नर्सी मानले जाते, त्या नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्या ग्रंथाचे पहिले संकलन १६०४चे. पंजाबातल्या घुमानला नामदेवांची स्मृती शतकानुशतके जपली गेली, आणि २०१५मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. नर्सीपासून घुमानपर्यंत हा शब्द कोणत्या समितीने नेला नाही. गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी तो नेला. अलीकडच्या काळातही कळमनुरी तालुक्यातील रुपूरचे फ. मुं. शिंदे किंवा वसमत तालुक्यातील रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव यांची कविता छापील पानाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, व्यासपीठावरून आणि शाळांच्या अंगणातून पोहोचली. शिंदे २०१४मध्ये सासवडच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. भालेरावांचा ‘पीकपाणी’ हा संग्रह १९८९चा. या भागातील वाङ्मयाला कान आधी मिळाला आणि डोळा नंतर, ही गोष्ट स्पर्धा आखणाऱ्यांनी विसरता कामा नये.

संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर बक्षिसाची जुनी कल्पना नव्या रूपात आली. १९६०मध्ये लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले. त्याच्या नवलेखक अनुदान योजनेतून कविता, कथा, कादंबरी, नाटक, ललितगद्य अशा प्रकारांतील पहिल्या पुस्तकांना साहाय्य मिळते. ज्याचे एकही पुस्तक निघालेले नाही अशा खेड्यातल्या लेखकाला प्रकाशक शोधताना हे अनुदान किती मोलाचे वाटते, हे जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवणाऱ्या प्राध्यापकांना सांगायला नको. मराठवाडा साहित्य परिषदेचे पुरस्कारही आहेत. त्यांतला एक कुरुंदकरांच्या नावाचा. राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार आहेत. पण परीक्षकाचा जुना प्रश्न येथेही मिटलेला नाही. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला २०२२च्या डिसेंबरमध्ये राज्य पुरस्कार जाहीर झाला, आणि काही दिवसांतच शासनाने तो रद्द केला. निवड समितीही बरखास्त केली. त्या पुस्तकाविषयी कोणाचे काहीही मत असो. समितीने वाचून दिलेला निर्णय समितीबाहेरच्या सत्तेने फिरवला, ही घटना दक्षिणा कमिटीच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचावी. १८५५मध्ये समितीच्या आतला आग्रह आडवा आला होता, २०२२मध्ये बाहेरचा आला. दोन्ही वेळा पैसा सार्वजनिक होता.

देशपातळीवरील लेखनस्पर्धेचे अलीकडचे मोठे उदाहरण म्हणजे २०२१ची ‘पीएम-युवा’ योजना. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या या योजनेचे काम राष्ट्रीय पुस्तक न्यासाकडे होते. वय तिसाच्या आत, भाषा बावीस भारतीय भाषा किंवा इंग्रजी, विषय स्वातंत्र्यचळवळ, आणि पाच हजार शब्दांची संहिता, असे तिचे स्वरूप होते. १ जून ते ३१ जुलै २०२१ या दोन महिन्यांत सुमारे सोळा हजार प्रवेशिका आल्या आणि पंचाहत्तर तरुण निवडले गेले. प्रत्येकाला सहा महिने दरमहा पन्नास हजार रुपये, एक मार्गदर्शक आणि पुढे पुस्तकाचे प्रकाशन, अशी व्यवस्था होती. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये लोकशाही या विषयावर योजनेची दुसरी आवृत्ती निघाली, आणि २०२५मध्ये तिसरी.

या योजनेत दोन चांगल्या गोष्टी आहेत. बक्षीस देऊन मोकळे न होता ती सहा महिने लेखकाबरोबर राहते, आणि पुस्तक छापण्याची जबाबदारी घेते. फ्रायरने जे केले नाही, ते येथे केले गेले. अल्पख्यात व्यक्ती आणि अल्पख्यात स्थळे यांविषयी लिहिण्याचे आवाहन असल्यामुळे जिल्ह्याच्या इतिहासालाही दार उघडे होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हुतात्मा बहिर्जी शिंदे यांच्या स्मृतीने वसमतला महाविद्यालय चालते. त्या महाविद्यालयातल्या एखाद्या मुलीने त्यांच्यावर लिहिले, तर ते लेखन स्थानिकही ठरेल आणि राष्ट्रीयही. पण विषय ठरवून देण्याची दक्षिणेची, म्यूर यांची आणि फ्रायरची सवय येथेही आहे. एका बाजूला ‘उपयुक्त’, दुसऱ्या बाजूला ‘नीतिपर’, तिसऱ्या बाजूला ‘सुधारक’, आणि आता ‘राष्ट्रीय’. याच मुलीला सोयाबीनच्या भावावर, ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांवर किंवा आपल्या वर्गातल्या लग्न झालेल्या मैत्रिणीवर लिहायचे असेल, तर ती कोणत्या स्पर्धेत बसते? आणि सोळा हजारांतल्या पंचाहत्तरांचा हिशेब लागला, तरी उरलेल्या पंधरा हजार नऊशेंहून अधिक संहितांचे काय?

पुरस्काराला अवाजवी महत्त्व देऊ नये, असा उपदेश आपल्या वाङ्मयीन वर्तुळात नेहमी ऐकू येतो. आम्हाला तो पटत नाही. ज्यांच्या मागे घराणे, शहर आणि प्रकाशक आहे, त्यांना असे म्हणणे सोपे असते. खेड्यातल्या लेखकाला बक्षिसाची रक्कम उपयोगाची असतेच. त्याहून उपयोगाचे असते ते घरच्या माणसांपुढे लेखनाला मिळालेले कारण. अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत इसवी सनपूर्व ४३१मध्ये युरिपिडीसला ‘मिडिया’साठी तिसरे, म्हणजे शेवटचे स्थान मिळाले, हे साहित्याच्या वर्गात आपण सांगतो आणि परीक्षकांना हसतो. पण एक गोष्ट सांगायची राहते. ते नाटक शेवटचे ठरले तरी रंगभूमीवर झाले होते. हजारो लोकांनी ते पाहिले होते. परीक्षकांनी चूक केली, पण प्रेक्षकाला ती दुरुस्त करण्याची संधी होती. ‘तृतीय रत्न’ला ती मिळाली नाही. परीक्षक चुकणारच, कोणतीही समिती त्याला अपवाद असणार नाही. ती चूक इतरांना कधी दिसू शकेल की नाही, एवढाच फरक स्पर्धा घेणाऱ्याच्या हातात असतो.

या इतिहासातून हिंगोलीसारख्या जिल्ह्याने काय घ्यावे? १ मे १९९९ रोजी हा जिल्हा स्वतंत्र झाला. १९६७च्या कायद्याखाली अनुदान घेणारी ‘अ’पासून ‘ड’पर्यंतच्या वर्गांची ग्रंथालये महाराष्ट्रात अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, आणि त्यांतली काही आपल्या पाचही तालुक्यांत आहेत. अनेक ठिकाणी ग्रंथपालाचा पगार तुटपुंजा, खरेदीची रक्कम अपुरी आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे, अशी स्थिती असते. तरीही जागा आहे, नोंदवही आहे, आणि शाळा सुटल्यावर येणारी चार-दोन मुले आहेत. लेखनस्पर्धा या जागांना जोडली गेली, तर तिचे रूप बदलू शकते. जिल्ह्यातल्या ज्या पुस्तकाला अनुदान किंवा पुरस्कार मिळेल, त्याची एकेक प्रत पाचही तालुक्यांतल्या प्रत्येक मान्यताप्राप्त ग्रंथालयात खरेदी होऊन जावी. म्यूर यांच्या सरकारला १८६९मध्ये जे सुचले, ते आज अवघड नाही. परीक्षकांत एक तरी माणूस असा असावा, ज्याला परभणी-हिंगोलीची बोली चूक वाटत नाही. विषय मोकळा असावा. निवड होण्याआधी निवडक संहितांचे ग्रंथालयात जाहीर वाचन व्हावे, कारण या मुलखातल्या वाङ्मयाची पारख आजवर कानानेच झाली आहे.

आणि ज्या संहिता निवडल्या जाणार नाहीत, त्यांच्याविषयीही नियम असावा. लेखकाला दोन ओळींचा का होईना, लेखी अभिप्राय मिळावा, आणि त्याची संमती असल्यास संहितेची एक प्रत जिल्हा ग्रंथालयात क्रमांक घालून ठेवली जावी. यासाठी फार खर्च येत नाही. एक कपाट आणि एक सूची पुरते. त्यांतल्या बहुतेक संहिता पुढे कोणी उघडणारही नाही, हे आम्ही जाणतो. पण पुण्यातले ते नाटक केवळ हस्तलिखित टिकल्यामुळे आपल्यापर्यंत आले. ते टिकवण्याची व्यवस्था कमिटीने केलेली नव्हती. पुढच्या वेळी ते योगायोगावर सोडू नये.